आठवणीतलं माप

परवा रेवदंड्याच्या बाजारात वालाच्या शेंगांचा पहिला ढीग दिसला. घरात भाजी होती, हातातली पिशवी भरलेली होती, तरी मी थांबलेच. एक शेंग दाबून बघितली. दाणा टपोरा भरला होता. भाजीवाली म्हणाली, "पोपटीला न्या ताई, आता जोर धरलाय शेंगांनी." मी दोन पिशव्या भरून घेतल्या आणि रिक्षात बसल्यावर माझं मलाच हसू आलं. पोपटीला माणसं लागतात, आणि माणसांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

पोपटी म्हणजे काय हे रायगडाबाहेरच्या माणसाला समजावणं मोठं कठीण काम आहे. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हे बांधावर उगवणारं रानझुडूप, एरवी त्याच्याकडे गुरंसुद्धा ढुंकून बघत नाहीत, पण थंडीत त्याला भाव येतो. पाल्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे अंडी, बटाटे, आणि ज्यांना चालते त्यांची मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला गच्च कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती झावळ्या-काटक्यांचा जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. एवढं सगळं रसभरीत सांगून झालं की समोरचा विचारतो, "म्हणजे उंधियूच ना?" मग मी विषय बदलते.

तर पोपटी दर वर्षीच होते, पण गेल्या थंडीतली पोपटी माझ्या अंगात मुरली आहे. त्या थंडीत आमच्या घराचा निकाल लागायचा होता.

मी आणि माझा नवरा शिरीष, आम्ही बरीच वर्षं जर्मनीत काढली. तो यंत्रांच्या कंपनीत होता. तीनेक वर्षांपूर्वी आम्ही चौलला परत आलो, नारळी-पोफळीची घरची वाडी बघायला. वाडीचं उत्पन्न तिथल्या पगाराच्या शेजारी ठेवलं तर चणे-फुटाणे. तरी शिरीष खूश होता. सकाळी पंप सुरू करायचा, पाटातून पाणी पळताना बघत उभा राहायचा आणि कुणीतरी पगारवाढ दिल्यासारखा चेहरा करायचा. गेल्या थंडीत जुन्या कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं. काही वर्षांसाठी या, पगार पूर्वीपेक्षा चांगला, घर आम्ही देतो, फक्त महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवा. शिरीषने मला सांगितलं आणि वर म्हणाला, "तू म्हणशील तसं."

नवरा 'तू म्हणशील तसं' म्हणाला की बायकोची झोप उडते. नकार द्यायचा तर आपण द्यायचा, होकार द्यायचा तर तोही आपण, आणि पुढे आयुष्यभर 'तूच म्हणाली होतीस' हे ऐकायचं. त्यात माझी अडचण अशी की मला जावंसं वाटत होतं. पगारासाठी नाही. म्हणजे पगारासाठीच, पण माझ्या.

पगार हा शब्द पोर्तुगिजांनी आमच्या किनाऱ्यावर सोडला असं म्हणतात. रेवदंड्याचा त्यांचा किल्ला पडला, शब्द राहिला. माझ्या आयुष्यात तो फार उशिरा आला. कॉमर्सची पदवी घेऊन मी लग्न करून गेले ती थेट परक्या भाषेत. पोरगी शाळेत जायला लागल्यावर दिवस खायला उठले. आमच्या रस्त्याच्या टोकाला कपडे अल्टर करून देणारं एक छोटं दुकान होतं. काचेत 'मदतनीस हवी' अशी पाटी लागली होती. मी आत गेले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मला शिवता येतं. काउंटरमागच्या बाईने माझ्या पंजाबी ड्रेसच्या बाहीचं टोक उलटं करून बघितलं. "हे तू शिवलंस?" मी हो म्हटलं. तिने मला टाचण्यांचा डबा दिला आणि आत बसवलं. झाली मुलाखत.

ती नेरिमान अब्ला. अब्ला म्हणजे तुर्की भाषेत थोरली बहीण. काळ्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातून ती तरुणपणी आली होती, नवऱ्यामागून, जसे तिथले हजारो लोक कामासाठी आले. नवरा मागेच वारला, मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, दुकान मात्र तिने सोडलं नाही. गोल, ठेंगणी बाई, गळ्यात कायम मापाची टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे ती अर्धं बोलणं भुवयांनीच करायची. तिचं जर्मन माझ्याइतकंच मोडकं. दोन मोडक्या माणसांचं जमलं. महिन्याच्या शेवटी तिने पहिल्यांदा माझ्या हातावर पाकीट ठेवलं तेव्हा मी घरी जाईपर्यंत तीनदा पर्समध्ये हात घालून ते आहे ना बघितलं होतं. शिरीषचा पगार त्याच्या कितीतरी पट होता. पण त्यातून आणलेली साडी आणि माझ्या पाकिटातून आणलेला साधा स्कार्फ यांत काय फरक होता हे मला आजही नीट सांगता येत नाही. स्कार्फ अजून वापरते.

त्या दुकानाचा एक सीझन असायचा, जुलैचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे तुर्क मोटारी भरून गावी जायचे, आणि त्याआधी आमच्या दारात गाठोडी घेऊन उभे राहायचे. भाच्याला पँट, बहिणीला कोट, सासूला झगा, सगळं सेलमध्ये घेतलेलं. माप काय? मग पोटं सुटलेली बापयमाणसं काउंटरसमोर उभी राहून हात हवेत धरायची. "एवढा आहे." जरा विचार करून हात थोडा वर न्यायची. "आता एवढा असेल." तेवढ्यात बायको तो हात धरून आणखी वर ढकलायची. दोघांचं जुंपायचं. अब्ला टाचण्या चावत ऐकून घ्यायची आणि ते गेल्यावर मला म्हणायची, "दोघंही चुकलेत. मागच्या उन्हाळ्यात पाहिलेलं पोर सांगताहेत. दुमडीत कापड भरपूर ठेव, कापायचं नाही." सप्टेंबरात तीच माणसं काळवंडून, जाडी होऊन, खिसे भरून हेझलनट घेऊन यायची आणि सांगायची की पँट आखूडच झाली.

आमची मुलगी जुई तिथल्याच विद्यापीठात शिकायला लागली तेव्हा तिने अभ्यासाला विषय घेतला तो हाच, तुर्की स्थलांतरितांचं उत्पन्न आणि आयुष्याबद्दलचं समाधान. म्हणजे माणसं घरदार सोडून येतात, जास्त कमावतात, मग सुखी होतात का? मी म्हटलं, यासाठी विद्यापीठ कशाला, दुकानात येऊन बस. ती खरंच आली. अब्लाला विचारलं, "शून्य ते दहामध्ये तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?"

अब्लाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. काहीतरी गंभीर होणार हे मला तेव्हाच कळलं. "कुणाच्या शेजारी बसवून विचारतेस?" ती म्हणाली. "गावात माझ्या बहिणीच्या शेजारी बसव, मी राणी आहे. आत्या आली म्हणून अर्धं गाव चहाला येतं. इथे बँकेतल्या त्या बाईच्या शेजारी बसव, मी पाटलोणींना झिप लावणारी म्हातारी आहे. पैसे तेच आहेत ग." जुईने लिहायचं थांबवून विचारलं, "आणि कुणाच्याच शेजारी न बसवता?" अब्ला हसली. "तसं कोण बसतं?"

जुईच्या अभ्यासात या उत्तराचं काय झालं मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यात मात्र ते कायमचं बसलं. चौलला परत आल्यावर तर रोज आठवायचं. इथे लोक मला शिरीषच्या शेजारीच बसवून बघायचे. 'परदेशातून आलेले, त्यांच्या मिसेस.' वाडी त्याची, माणसं त्याची, पंपसुद्धा त्याच्याच हातून सुरू व्हायचा. मी लोणची घातली, पडवी रंगवली, सोसायटीच्या कार्यक्रमात पाहुण्यांना नारळ दिले. वाईट काहीच नव्हतं. दुपारी मात्र दुकानाच्या दारावरची घंटा कानात वाजायची. मी सुखात होते आणि मला करमत नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि हे कुणाला सांगणार? ताट वाढलेलं असताना भूक नाही म्हटल्यासारखं ते.

अशा वेळी अब्लाचा फोन आला की ती येतेय. कारण तिने लपवलं नाही. "तुझ्या नवऱ्याला बोलावलंय ना कंपनीने? मी तुला न्यायला येते. तू गेल्यापासून दोन पोरी ठेवल्या, दोघींना तुरपाई येत नाही."

मुंबईहून ती मांडव्याला बोटीने आली. मी घ्यायला गेले होते. बोट धक्क्याला लागली तरी ही बाई उतरेना. कठड्याशी उभी राहून विमानातली बिस्किटं सीगल पक्ष्यांना भरवत होती, आणि आजूबाजूची कॉलेजची पोरं हिलाच बघून टाळ्या वाजवत होती. खाली उतरल्यावर मिठी मारायच्या आधी म्हणाली, "तू बारीक झालीस. खांदे उतरलेत." शिंपिणीला काय दिसणार? खांदेच.

आमच्या कुंपणापलीकडे इब्राहिमभाईंचं घर. त्यांनी निम्मं आयुष्य कुवेतमध्ये काढलं, परत येऊन तीन मजली इमारत बांधली, आणि आता नवरा-बायको, सून आणि नात सगळे तळमजल्यावरच राहतात. वरच्या खोल्यांत पोफळं वाळतात. मुलगा अस्लम दोह्याला. तो त्याच आठवड्यात रजेवर आला होता. अब्ला आल्याच्या दुसऱ्या सकाळी कुंपणापलीकडून असा काही हसण्याचा गदारोळ उठला की आम्ही दोघी चहा टाकून बघायला गेलो.

पडवीत अस्लमची मोठी बॅग उघडी पडली होती. त्याची लेक अलिना फुगे-फुगे बाह्यांचा गुलाबी फ्रॉक घालून उभी होती. उभी म्हणजे अडकली होती. पाठीवरची झिप अर्ध्यात थांबलेली आणि घेर गुडघ्याच्या बराच वर. इब्राहिमभाई नव्या पँटचा कमरपट्टा दोन्ही हातांनी पुढे ताणून धरून सगळ्यांना दाखवत होते. त्यांच्यासारखे आणखी एक इब्राहिमभाई आत मावले असते.

"बगा वैनी, बगा," ते म्हणाले, "ह्या पोराला बापाची कंबर अजून कुवेतातलीच वाटते. अरं शुगर झाल्यापासनं मी काय ऱ्हायलोय का तेवडा?"

अस्लम ओशाळून हसत होता. "अब्बा, मी अंदाजानं घेतली. आणि हिचा फ्रॉक तर दुकानवाल्याला फोटो दाखवून घेतलेला."

"कवाचा फोटो?" त्याची आई, जैनबभाभी म्हणाली.

अस्लमने फोन काढून पुढे धरला. फोटो आदल्या रजेचा होता. तोच दोह्यात त्याच्या पलंगाशेजारी लावलेला, रोज बघायचा, आणि त्यात पोरगी वाढत नव्हती.

अलिना मात्र फ्रॉक काढायला तयार नव्हती. "मला हाच पायजे," ती म्हणाली आणि श्वास रोखून झिप वर ओढायला लागली. त्यावर आम्ही सगळे हसलो, पण अस्लमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

अब्लाला एक शब्द कळला नव्हता आणि सगळं कळलं होतं. तिने गळ्यातली ओढणी काढून कमरेला बांधली, अलिनाला उचलून ओट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे हात केला. "टाचण्या."

माझ्या सासूबाईंचं पॅडलचं मशीन माळ्यावर होतं. शिरीष आणि अस्लमने ते खाली आणलं, तेल घातलं, आणि आमच्या पडवीत ऊन येतं त्या कोपऱ्यात मांडलं. फ्रॉकच्या आत सोडलेलं कापड नव्हतंच, तयार कपड्यांत ते नसतंच. अब्लाने माझ्या जुन्या रेशमी साडीचा काठ मागितला. दोन्ही कुशींना उसवून काठाची पट्टी घातली, खाली रुंद झालर लावली, आणि झालरीच्या आत बोटभर नव्हे, चांगलं वीतभर कापड दुमडून ठेवलं. मी तुरपाई केली. पायाखाली मशीन चालायला लागलं आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने गायला लागले. शिरीष वाडीतून डोकावून बघून गेला. एवढ्या मोठ्याने मी काय गातेय हे बघायला आला असावा.

दुपारी जैनबभाभी आल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कपड्यांची चळत होती. "हसू नका हां," त्या म्हणाल्या. "आमचं कपाट हाय ह्ये. ह्यांनी कुवेतातनं आनलेलं. कवा कुनाला नीट बसलंच न्हाय. टाकवत न्हाय, अन घालवत पन न्हाय." त्यात अस्लमचे शाळकरी शर्ट होते, भाभींचे झगे होते, कुणा पुतणीची सलवार होती. एकही कपडा वापरलेला नव्हता. सगळे स्वच्छ, घडी घातलेले, डांबरगोळ्यांचा वास येणारे.

मी हे अब्लाला सांगितलं. तिने एक छोटा शर्ट हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग एकदम हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "इथेपण? माझ्या बहिणीकडे अशी मोठी पेटी आहे. मी नेलेले कपडे. मला वाटायचं गरिबीमुळे जपून ठेवते. तिला होतच नव्हते!" मग शर्टाची घडी परत घालत म्हणाली, "आणि माझं घर? गावात मी घर बांधलंय तुला माहितीय. मुलांसाठी खोल्या काढल्या, प्रत्येकाला एक. बांधून पूर्ण झालं तोवर मुलं बाप झाली होती. तेपण असंच, आठवणीतल्या मापाचं."

तिच्या त्या घराबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. खिडक्यांचा रंग, स्वयंपाकघरातल्या फरशा. ती कधी राहायला गेली नव्हती. पहिल्यांदाच ती त्याबद्दल हसत बोलली. मला तिच्याबद्दल फार माया आली आणि मी तिला जवळ घेतलं.

बातमी पसरायला आमच्याकडे वेळ लागत नाही. इब्राहिमभाईंनी नमाजाहून येताना चार लोकांना सांगितलं असेल, त्या चार लोकांच्या बायकांनी बाकीचं काम केलं. त्या थंडीत आमची पडवी म्हणजे जुलैमधलं दुकान झाली. दुबईचे कोट आले, मस्कतचे झगे आले. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाने आईला घेतलेला पंजाबी ड्रेस आला, म्हणजे हा आजार फक्त समुद्रापलीकडचा नव्हता. बायका यायच्या, चहा प्यायच्या, कपडा कुणी आणला त्याची गोष्ट सांगायच्या. कुणी अब्लाला आपली भाषा शिकवायचं. तिला 'व्हय' आणि 'न्हाय' लगेच जमलं आणि एवढ्या भांडवलावर ती तासन्‌तास गप्पा मारायची. लोक पैसे विचारायचे. मी घ्यायला संकोचले तर अब्लाने भुवया उंचावल्या, आणि मी घेतले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते पदराला बांधून मी वाडीत शिरीषकडे गेले आणि त्याला दाखवून परत आले.

महिनाअखेर जवळ आली. अब्लाच्या परतीचा दिवसही. तिच्या निरोपाला इब्राहिमभाईंनी पोपटी लावायचं ठरवलं, त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत, संध्याकाळचं. मला धडकीच भरली. कारण अब्लाची आणि पोपटीची जुनी ओळख होती, आणि ती चांगली नव्हती.

जर्मनीत गावाबाहेर तिने भाड्याने घेतलेला एक भाजीचा तुकडा होता, तिच्यासारखे कितीतरी तुर्क तिथे वांगी-मिरच्या लावतात. एका वर्षी मी चौलहून मडकं नेलं होतं. विमानात मांडीवर धरून, हवाई सुंदरीशी भांडून. वाल नाहीत म्हणून तिच्या बागेतल्या बाकला नावाच्या, वालाच्याच कुळीतल्या शेंगा, भांबुर्डा नाही म्हणून कसलातरी उग्र वासाचा पाला. जाळ छान झाला, वास सुटला. मी ताटं आणायला वळले आणि मागे खाडकन आवाज आला. अब्लाने हातोडीने मडकं फोडलं होतं! तिच्या देशात तोंड बंद करून शिजवलेलं मडकं पाहुण्यांसमोर फोडून वाढतात, तो मान असतो. तिने तो मान मला दिला होता. आम्ही खापऱ्या वेचून शेंगा खाल्ल्या. मला रडू येत होतं आणि चव अप्रतिम होती.

म्हणून गेल्या वर्षी मी आधीच इब्राहिमभाईंना बजावलं, बाईंच्या हाताला दगड लागू देऊ नका. ते म्हणाले, "फिकीर करू नका वैनी, आज मडकं त्याच उघडतील."

अंधार पडायच्या बेताला जाळ बसला. इब्राहिमभाईंनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज होऊन थेंब उडून गेले. "झालं," ते म्हणाले. काठीने मडकं बाहेर ओढून त्यांनी गोणपाटाचे बोळे अब्लाच्या हातात दिले आणि खुणेने दाखवलं, कसं तिरकं करायचं, कसा पाला ओढायचा. अब्ला मान खाली घालून, टाचणी लावताना असते तशी गंभीर झाली. पाला निघाला, वाफेचा लोट आला आणि शेंगा, अंडी, बटाटे केळीच्या पानांवर घरंगळले. मडकं अख्खं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अलिना काठाच्या झालरीचा फ्रॉक घालून मडक्याभोवती नाचली.

इब्राहिमभाईंना रंग चढला होता. "सांगतो वैनी तुमाला," ते शेंग सोलत म्हणाले, "कुवेतातनं परत आलो न, तवा सहा म्हयने मी रोज एसटी पकडून मांडव्याला जायचो. बोटी बघायला. ह्या म्हनायच्या, कोन येनारे का? म्हटलं, न्हाय. मग कोन जानारे का? म्हटलं, त्ये पन न्हाय. नुस्तं बसायचं अन परत यायचं."

"मग कसं थांबलं?" मी विचारलं.

"मस्जिदीच्या बोअरवेलचं काम माज्या गळ्यात मारलं लोकांनी. येळच गावंना जायला." आणि ते पुन्हा हसले.

शिरीष माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या हातांना राख लागली होती आणि शर्टाची एक बाही कोपरावर उसवली होती. त्याने हळूच विचारलं, "उद्या कळवायला हवं. काय कळवू मग?"

मी गरम शेंग दोन हातांत झेलत होते. उत्तर कधी ठरलं मला माहीत नाही, पण तोंडातून निघालं तेव्हा ते तयारच होतं. "त्यांना कळव, जमणार नाही. माझ्याकडे कपडे पडलेत, ईदच्या आत द्यायचेत."

शिरीषने माझ्याकडे बघितलं. मग इतका हसला की त्याला ठसका लागला. अब्लाने मला कोपराने ढोसलं, काय म्हणालीस सांग. मी सांगितलं. तिने अंड्याचं कवच काढून संपवलं, मीठ लावलं, निम्मं अंडं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मला परत काचेत पाटी लावायला हवी." जराशाने पुढे म्हणाली, "मी पण एक मशीन गावच्या घरात नेऊन ठेवते. तळमजल्यावर. उन्हाळाभर बसेन. बहिणीची पेटी उघडायचीय." आणि मग, ती माझी मालकीण होती हे मी विसरू नये म्हणून असेल, बोट उगारून म्हणाली, "दुमडीत कापड भरपूर ठेवत जा. पोरं थांबत नाहीत."

तर परवा त्या दोन पिशव्या शेंगा घेऊन मी घरी पोचले तेव्हा पडवीत तिघीजणी गाठोडी घेऊन बसल्याच होत्या. अलिना मशीनच्या पॅडलवर उभी राहून झोके घेत होती. तिचा गुलाबी फ्रॉक आखूड झाला होता. मी तिला ओट्यावर उभं केलं, झालरीची तुरपाई उसवली, आतलं कापड खाली सोडलं. वर्षभर आत राहिल्यामुळे तेवढा भाग जास्त गडद होता, पण लांबी बरोबर गुडघ्याखाली आली.

तेवढ्यात फोन वाजला. दोह्याहून अस्लम. पुढच्या आठवड्यात रजेवर येतोय म्हणाला. आवाजात घाई होती, मागे दुकानातली गाणी ऐकू येत होती. "काकी, मी दुकानातच उभा हाय. ह्या वेळी गडबड नको. अलिनाचं माप सांगा ना, बरोबर सांगा, मी लिवून घेतो."

टेप माझ्या गळ्यातच होती आणि पोरगी समोर उभी होती.

"माप नको," मी म्हटलं. "तुला ती जेवढी वाटते ना, तेवढा फ्रॉक आण. बाकीचं मी बघते."